कंसातलं ‘मिळालं तर’: हॉबिटांवर प्रश्न काढणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
हॉबिटांवर प्रश्नमंजुषा घेणारे सर्व आयोजक आणि क्विझमास्टर यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या सप्टेंबरात माझ्या नववीतल्या भाचीला घेऊन मी अशाच एका क्विझला गेले होते. हॉबिट म्हणजे टोल्किन या इंग्रजी लेखकाच्या कादंबऱ्यांतले बुटके, माणसांसारखे लोक. हॉल भरलेला होता. कॉलेजची मुलंच जास्त, तिच्या वयाची ती एकटी. तिसऱ्या फेरीत प्रश्न आला: हॉबिट दिवसातून किती वेळा जेवतात? तिने सगळ्यांच्या आधी बझर दाबला आणि सांगितलं, सहा वेळा. पडद्यावर उत्तर आलं सात. तिचे पाच गुण कापले गेले. तिने दप्तरातून पुस्तक काढलं, पान काढून हात वर केला, पण ‘पडद्यावरचं उत्तर अंतिम’ असं सांगून पुढचा प्रश्न सुरू झाला. परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसून होती, मांडीवर तेच पान उघडं. घाट संपल्यावर मला म्हणाली, “मावशी, मी बरोबर होते ना?”

ती बरोबर होती. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या अगदी सुरुवातीला टोल्किन यांनी हॉबिटांची ओळख करून देणारं एक प्रास्ताविक जोडलं आहे. हॉबिटांना हसायला, खायला, प्यायला आवडतं आणि दिवसातून सहा वेळा जेवायला आवडतं, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. सातचा आकडा येतो २००१च्या चित्रपटातून. पिपिन नावाचा हॉबिट तिथे न्याहारीनंतरची दुसरी न्याहारी, मग अकराचं खाणं, दुपारचं जेवण, चहा, संध्याकाळचं जेवण, रात्रीचं जेवण अशी यादी म्हणतो. पहिली न्याहारी धरून बेरीज सात होते. प्रसंग गोड आहे, मलाही आवडतो. पण तो पटकथेचा आहे. तुमच्या प्रश्नात ‘चित्रपटात’ हा एक शब्द असता तर एका मुलीचा दिवस वाया गेला नसता.

गुणांचं एक वेळ सोडून देऊ. त्या सहाच्या पुढे पुस्तकात एक कंस आहे आणि माझं खरं म्हणणं त्या कंसाबद्दल आहे. सहा वेळा जेवायला आवडतं (मिळालं तर), असं ते वाक्य आहे. तुमच्या पडद्यावर आकडा येतो, कंस कधीच येत नाही.

आमची आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. सुकडी आणि लाल मिलो या दोन शब्दांपलीकडे ती त्या दिवसांबद्दल फारसं बोलली नाही. पण घरात कोणी ‘रोज गोडधोड असावं’ म्हणालं की ती हळूच म्हणायची, “असलं तर.” शेतकऱ्याच्या घरात हे शब्द बोलण्यात आपोआप येतात. प्रास्ताविकातला तो कंस मी पहिल्यांदा वाचला तेव्हा हे लोक शेतकरी आहेत याची मला खात्री पटली.

पुढे वाचत गेलं की कंसाचा अर्थ सापडतो. टोल्किन यांच्या कल्पित जगातल्या तिसऱ्या युगाच्या २७५८ साली, म्हणजे हॉबिटांच्या ११५८ साली, शायरमध्ये, म्हणजे हॉबिटांच्या मुलखात, ‘लांबलेला हिवाळा’ आला आणि मागोमाग दुष्काळ. ११५८ ते ११६० ही ‘टंचाईची वर्षं’ म्हणून त्यांच्या इतिहासात नोंदलेली आहेत. हजारो हॉबिट त्यात मेले. गँडाल्फ हा जादूगार तेव्हा शायरच्या मदतीला आला होता. टोल्किन यांच्या मृत्यूनंतर त्यांचं जे अपूर्ण लेखन छापलं गेलं, त्यात गँडाल्फ त्या दिवसांची आठवण सांगतो: हे लोक थंडीने गारठत होते, उपाशी मरत होते, आणि ते तगले ते जितके चिवटपणामुळे तितकेच एकमेकांविषयीच्या कळवळ्यामुळे. हॉबिटांवर त्याचा जीव जडला तो तिथे. आतषबाजी आणि मेजवान्या त्यानंतरच्या.

आता सांगा, ‘गँडाल्फला हॉबिटांची माया कशामुळे लागली?’ हा प्रश्न तुमच्यापैकी कोणी कधी विचारला आहे? मी गेली आठ-नऊ वर्षं क्विझ ऐकते आहे. तलवारींची नावं विचारली जातात, घोड्यांची नावं विचारली जातात, अंगठीवरचा मजकूर तर दर वर्षी असतो. हॉबिटांच्या वाट्याला ‘केसाळ पाय’ आणि ‘दुसरी न्याहारी’ येते, वर एक हशा. शेती करणारा, घराला आणि बांधाला चिकटून राहणारा हा अख्खा समाज लेखकाने इतक्या बारकाईने उभा केला आहे. त्याचे कायदे, टपाल, पंचांग, मृत्युपत्रं, भाऊबंदकी, सगळं तिथे लिहिलेलं आहे. ते तुम्ही वाचावं एवढीच विनंती आहे.

पायांचंच घ्या. ‘हॉबिटांचे पाय प्रचंड मोठे असतात, चूक की बरोबर?’ या प्रश्नाला दोन ठिकाणी ‘बरोबर’ हे उत्तर धरलेलं मी ऐकलं आहे. हॉबिटांचं वर्णन करताना टोल्किन तळवे चामड्यासारखे टणक असल्याचं सांगतात, पावलांवर डोक्यासारखेच दाट कुरळे केस असल्याचं सांगतात. आकाराबद्दल तिथे चकार शब्द नाही. मोठे पाय नंतरच्या चित्रकारांनी काढले आणि ते लोकांच्या डोक्यात बसले. खरा प्रश्न त्याच परिच्छेदात पडलेला आहे: हॉबिट बहुतेक सगळ्या हस्तकलांत तरबेज असताना शायरमध्ये कोणता धंदा जवळजवळ नव्हता? चांभारकाम. लागत नव्हतं म्हणून नव्हतं. आणि त्यालाही अपवाद आहे. नदीकाठच्या पाणथळ भागातले स्टूर वंशाचे हॉबिट चिखलाच्या दिवसांत बूट घालायचे. पाऊस आणि चिखल ज्याने पाहिला आहे त्याला हा अपवाद लगेच पटेल.

‘हॉबिट बिळात राहतात’ हेही अर्धवट आहे. ‘द हॉबिट’चा नायक बिल्बो याच्या काळापर्यंत बिळात राहणारे हॉबिट दोनच प्रकारचे उरले होते: सगळ्यात श्रीमंत आणि सगळ्यात गरीब. बाकीचे जमिनीवर, दगडविटांच्या आणि लाकडाच्या घरांत राहायचे, खास करून सपाट आणि सखल भागात, जिथे बीळ खोदायला चांगली टेकडीच नव्हती. श्रीमंताच्या बिळाला गोल खिडक्यांची रांग, दालनामागून दालन, कोठीघरं. गरिबाचं बीळ म्हणजे एकच खिडकी असलेला खड्डा, कधी तीही नाही. एकाच शब्दाखाली गावातली दोन टोकं येतात. बिल्बोच्या बिळाचा, बॅग एंडचा हिरवा दरवाजा सगळ्यांना पाठ आहे, त्या बिनखिडकीच्या बिळाबद्दल कोणी विचारत नाही.

मी तीस वर्षं भूमि अभिलेख खात्यात होते. मोजणीचे नकाशे, मिळकतपत्रिका, वारसनोंदी हे माझं रोजचं काम. त्यामुळे शायरचा जमिनीचा इतिहास मी जरा जास्तच रस घेऊन वाचला, हे मान्य करते.

तिसऱ्या युगाच्या १६०१ साली मार्खो आणि ब्लँको हे दोन भाऊ ब्री गावाहून निघाले, फोरनॉस्टच्या राजाची परवानगी घेतली आणि बरोबरच्या हॉबिटांना घेऊन नदी ओलांडून पलीकडच्या जमिनीवर वसले. नदी ओलांडली ते त्यांचं पहिलं वर्ष. त्यांची कालगणना तिथून सुरू होते. पश्चिमेच्या टेकड्यांपासून ब्रँडीवाइनच्या पुलापर्यंत चाळीस लीग, उत्तरेच्या माळरानापासून दक्षिणेच्या दलदलीपर्यंत पन्नास लीग, म्हणजे साधारण १२० मैल आणि १५० मैल. एवढ्या जमिनीच्या बदल्यात राजाने काय मागितलं? नदीवरचा मोठा पूल आणि बाकीचे सगळे पूल-रस्ते दुरुस्त ठेवायचे, राजाच्या जासुदांना वाटेत मदत करायची आणि राजाला राजा मानायचं. सनदेत धान्याचा हिस्सा सांगितलेला नाही, सोन्याचा आकडा नाही, पूल मात्र आहे. तिसऱ्या युगाच्या १९७५ सालापर्यंत ते उत्तरेचं राज्य बुडालं. राजा गेला, त्याची राजधानी ओस पडली. हॉबिटांनी मग आपल्यातून एक थेन, म्हणजे राजाच्या जागी प्रमुख, नेमला आणि राजाने घालून दिलेले नियम हजार वर्षं आपखुशीने पाळत राहिले, कारण ते नियम जुने होते आणि न्याय्य होते. वसुलीला येणारं कोणी नसताना पूल दुरुस्त ठेवणारी माणसं! नोकरीत कितीतरी शिवरस्त्यांच्या भानगडी पाहिलेल्या मला हे वाचताना भरून आलं होतं.

शायरचे चार भाग आहेत, त्यांना फार्दिंग म्हणतात. फार्दिंग म्हणजे चौथा हिस्सा, आपला पाव. तीन फार्दिंगांच्या हद्दी जिथे मिळतात तिथे एक दगड आहे. आमच्या भाषेत तिकाटणं. नकाशावर तो दगड शोधायला सांगा कधीतरी.

मृत्युपत्राचा प्रश्न तर मी तुम्हाला तयारच देते. आपल्याकडे मृत्युपत्राला दोन साक्षीदार पुरतात. शायरच्या रिवाजाप्रमाणे सात लागतात आणि सातही सह्या लाल शाईत. बिल्बो घर आपला वारस फ्रोडो याच्या नावे करून, अंगठी मागे ठेवून निघून गेला तेव्हा त्याच्या भाऊबंदांपैकी सॅकव्हिल-बॅगिन्स कुटुंब बॅग एंडवर हक्क सांगायला आलं. त्यांनी ते मृत्युपत्र उलटसुलट वाचलं आणि त्यांना त्यात खोट सापडली नाही. बिल्बोने इतकी काळजी का घेतली असेल? त्याचं कारण साठ वर्षांपूर्वीच्या एका दिवसात आहे. पहिल्या प्रवासाहून तो परत आला तेव्हा २२ जून होता, आणि त्याच्याच घरासमोर लिलाव चालला होता. गावाने त्याला मेलेला धरलं होतं. तो जिवंत आहे हे सर्वांना मान्य व्हायला बराच काळ गेला. शेवटी वेळ वाचवायला त्याने स्वतःचंच सामान पैसे देऊन परत घेतलं. चांदीचे चमचे मात्र मिळाले नाहीत. कागदावर मेलेली माणसं मी टेबलापलीकडे उभी पाहिली आहेत. ‘मी जिवंत आहे’ हे सांगताना त्यांचा आवाज कसा होतो तेही ऐकलं आहे. ज्याच्यावर हे एकदा गुदरलं तो माणूस लाल शाईच्या सात सह्या नीट घेणारच.

ते चमचे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

पंचांगाबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहिते, कारण तुमच्या कार्यक्रमाची तारीखच त्यावर ठरते. दर २२ सप्टेंबरला बिल्बो आणि फ्रोडोचा वाढदिवस म्हणून ‘हॉबिट दिन’ साजरा होतो. अमेरिकेतल्या टोल्किन सोसायटीने १९७८ साली तो दिवस जाहीर केला. छान आहे, साजरा करावा. पण शायरचा २२ सप्टेंबर आणि आपला २२ सप्टेंबर एक नव्हे. शायरच्या पंचांगात बारा महिने, प्रत्येकी तीस दिवसांचे. उरलेले पाच दिवस कुठल्याच महिन्यात नाहीत: दोन यूलचे, वर्ष संपताना आणि सुरू होताना, आणि तीन भर उन्हाळ्यात. त्यांतला मधला ‘मध्यवर्ष दिन’ सर्वांत मोठ्या दिवसाशी जुळवलेला. लेखकाने परिशिष्टात स्वतः हिशोब करून ठेवला आहे की त्यांच्या तारखा आपल्यापेक्षा दहाएक दिवस पुढे धावतात. म्हणजे तो प्रसिद्ध वाढदिवस आपल्या १२ सप्टेंबरच्या आसपास पडतो. ‘हॉबिट दिन कधी?’ यापेक्षा ‘हॉबिट दिन आपल्या पंचांगाप्रमाणे खरं तर कधी यायला हवा?’ हे विचारून बघा. मुलं आकडेमोड करू लागतील आणि परिशिष्टं उघडतील.

याच पंचांगातून आलेली एक म्हण मला फार आवडते. पुढे सुधारणा करून त्यांनी मध्यवर्ष दिनाला वारच ठेवला नाही. त्यामुळे दर वर्षी तीच तारीख त्याच वारी येऊ लागली, आणि महिन्याची एक तारीख शुक्रवारी कधीच येईना. मग शायरमध्ये लोक न घडणाऱ्या गोष्टीला ‘एक तारखेच्या शुक्रवारी’ म्हणू लागले. आपण ‘सूर्य पश्चिमेला उगवेल तेव्हा’ म्हणतो तसं. डुकरं उडतील तेव्हा, झाडं चालतील तेव्हा. शायरमध्ये झाडं चालणं हे अशक्याचं उदाहरण होतं. मेरी आणि पिपिन या दोन शायरच्या पोरांनी पुढे फँगॉर्नच्या जंगलात जे पाहिलं ते त्यांच्या गावच्या म्हणीत कधीच न होणारं होतं! पंचांगाच्या एका सुधारणेतून म्हण निघते आणि ती शेकडो पानांआधीच्या घटनेला जाऊन भिडते. असा प्रश्न ज्या फेरीत असेल ती फेरी मी उभी राहून ऐकेन.

मराठी मुलांसाठी तर एक प्रश्न फार जवळचा आहे. कथेतल्या नावांचा इंग्रजीत उल्था केलेला आहे असं टोल्किन परिशिष्टात सांगतात. हॉबिटांच्या मूळ भाषेत पुरुषांची नावं ‘आ’कारान्त असत, बायकांची ‘ओ’ किंवा ‘ए’कारान्त. इंग्रजी वाचकाला ‘आ’ने संपणारं नाव बाईचं वाटतं, म्हणून त्यांनी ‘आ’चा ‘ओ’ केला. मूळचा बिल्बा असा बिल्बो झाला. आता आपल्या कानाने बघा. घोडा, मुलगा, दादा, तात्या, सदा, नामा, चोखा. मराठी कानाला ‘बिल्बा’ हा गडीच वाटतो, बदलायची गरजच नव्हती. फ्रोडोचा सोबती सॅम, त्याचं पूर्ण नाव मूळ भाषेत बनाझीर, हाक मारायला बान. मेरी हा कालिमाक, लाडाने काली. शायरचं नाव सूझा. ‘इंग्रजीत येताना हॉबिटांच्या नावांतलं कोणतं अक्षर बदललं आणि का?’ या प्रश्नाला मराठी शाळेतली मुलं इंग्रजी शाळेतल्या मुलांच्या आधी बझर दाबतील, असं मला मनापासून वाटतं.

बाकी छोट्या गोष्टी भराभर सांगते. स्वतःच्या वाढदिवसाला हॉबिट भेटी देतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या भेटी घरोघर फिरत राहतात, उपयोग नसलेल्या पण टाकवत नाही अशा वस्तूला ते मॅथम म्हणतात आणि मिशेल डेल्विंगला त्यांचं मॅथम-घर आहे, हे पुढचं फार कमी जणांना ठाऊक असतं. तिथल्या महापौराकडे टपाल आणि पोलीस ही दोन्ही खाती असतात. अख्ख्या शायरला शिरिफ, म्हणजे पोलीस, बारा, प्रत्येक फार्दिंगला तीन, आणि माणसांपेक्षा चुकलेल्या गुरांमागेच ते जास्त फिरतात. बिल्बोच्या मेजवानीची निमंत्रणं इतकी गेली की हॉबिटनचं टपाल कार्यालय तुंबलं आणि पत्रं वाटायला गावातून माणसं बोलवावी लागली. ‘द हॉबिट’ १९३७ साली छापून आलं तेव्हा गँडाल्फ बिल्बोकडे कोंबडीबरोबर टोमॅटो मागत होता. १९६६च्या आवृत्तीत त्या टोमॅटोंचं लोणचं झालं. टोमॅटो अमेरिकेतून आलेलं पीक, त्या जुन्या जगात ते कुठून येणार? एवढ्या एका भाजीसाठी लेखकाने वाक्य बदललं. त्यांच्या पुस्तकावर प्रश्न काढताना आपण पान तरी उघडून बघायला हवं.

आता चमच्यांकडे येते.

‘जाताना बिल्बोने लोबेलिया सॅकव्हिल-बॅगिन्सला काय भेट दिली?’ हा प्रश्न तुमच्या सगळ्यांच्या यादीत असतो. उत्तर: चांदीच्या चमच्यांचा संच. सगळे हसतात, कारण पहिले चमचे तिनेच पळवले असा बिल्बोला संशय होता. लोबेलिया ही गावातली लोभी बाई म्हणून तिथेच संपते. मेजवानीच्या दुसऱ्या दिवशीचा प्रसंगही काहींना आठवतो. ती बॅग एंडभर फिरून वस्तू न्याहाळत असते, आणि फ्रोडो तिला दारापर्यंत पोचवतो तेव्हा तिच्या छत्रीत ‘कशाकशा’ पडलेल्या बऱ्याच किमती वस्तू काढून घेतो. ते साल १४०१, शायरच्या मोजणीने.

चित्रपटांतली कथा इथून शायरकडे वळून पाहत नाही. फ्रोडो, सॅम, मेरी आणि पिपिन हे चौघं जण परत येतात, गाव जसंच्या तसं असतं, पेले भरले जातात. पुस्तकात तसं नाही. १४१९ साली ते परततात तेव्हा पुलावर फाटक आहे, झाडं तोडलेली आहेत, जुन्या गिरणीच्या जागी धूर आणि घाण ओकणारी नवी गिरणी आहे. धान्य ‘वाटपासाठी’ म्हणून गोळा होतं आणि पुन्हा कोणाला दिसत नाही. आणि या सगळ्याची सुरुवात लोबेलियाच्याच मुलाने, लोथोने केली आहे. टोल्किन यांचं लहानपण १८९६ पासून चार वर्षं बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यात गेलं. तिथली गिरणी आजही संग्रहालय म्हणून उभी आहे. आपण दहा वर्षांचे व्हायच्या आत लहानपणीचा तो मुलूख कसा उद्ध्वस्त होत गेला, हे त्यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्वतः लिहून ठेवलं आहे. परतीचं ते प्रकरण वाचताना हे मनात ठेवावं लागतं.

शेतकरी कॉटनचा पोरगा, धाकटा टॉम, त्यातली एक गोष्ट सांगतो. गुंडांची टोळी मोठी गाडी घेऊन बॅग एंडच्या वाटेने चढत होती. वरून लोबेलिया येत होती, हातात जुनी छत्री. कुठे चाललात म्हणून तिने विचारलं. शार्कीसाठी, म्हणजे त्या गुंडांच्या मालकासाठी, छपऱ्या बांधायला, ते म्हणाले. कोणी सांगितलं? शार्कीने. मग बाजूला हो म्हातारे. तिने छत्री उगारली आणि म्होरक्याच्या अंगावर गेली. तो उंचीला तिच्या जवळपास दुप्पट होता. तिला फरफटत नेऊन कोठडीत टाकलं. त्या वेळी तिचं वय शंभराच्या आसपास होतं.

बायवॉटरची लढाई ३ नोव्हेंबरला झाली. एकोणीस हॉबिट पडले, गुंड जवळजवळ सत्तर. त्या एकोणीस जणांची कबर टेकडीच्या कडेला आहे, तिच्यावर दगड आणि भोवती बाग. लढाईत उतरलेल्या सगळ्यांची नावं शायरचे इतिहासकार पाठ करत. मग कोठड्या उघडल्या. लोबेलिया फार थकलेली, वाळलेली, पण तिने कोणाला उचलू दिलं नाही. फ्रोडोच्या हाताला धरून स्वतःच्या पायांनी बाहेर आली, छत्री घट्ट धरलेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, जयजयकार केला. आयुष्यात तिला कोणी कधी एवढं आपलं म्हटलं नव्हतं. ती रडत रडत गाडीत बसली. लोथोचा खून झाल्याचं कळलं तेव्हा ती खचली. बॅग एंड तिने फ्रोडोला परत केलं आणि हार्डबॉटलला माहेरच्या ब्रेसगर्डल मंडळींत जाऊन राहिली. पुढच्या वसंतात ती गेली. मागे राहिलेला तिचा आणि लोथोचा सगळा पैसा तिने फ्रोडोच्या नावे ठेवला होता. धुमाकुळात ज्यांची घरं गेली त्या हॉबिटांसाठी तो खर्च व्हावा, म्हणून.

मी नोकरीत भाऊबंदकीच्या शेकडो फायली हाताळल्या. आयुष्यभर एका घरासाठी भांडलेल्या बाईने शेवटी दुसऱ्यांच्या घरांसाठी पैसा ठेवल्याची नोंद माझ्या वाचण्यात कधी आली नाही. गँडाल्फने लांबलेल्या हिवाळ्यात जो कळवळा पाहिला होता, तो अडीचशे वर्षांनी शायरमधल्या सगळ्यात नावडत्या म्हातारीच्या मृत्युपत्रात निघाला. आणि तुम्ही चमच्यांवर थांबता.

माझं मागणं मोठं नाही. प्रश्न पुस्तकातला असेल तर ‘पुस्तकात’ म्हणा, चित्रपटातला असेल तर ‘चित्रपटात’. क्विझच्या टेबलावर पुस्तकाची एक प्रत ठेवा, आणि कोणी पान दाखवलं तर दोन मिनिटं थांबून वाचा. प्रास्ताविक आणि परिशिष्टं ही ‘कंटाळवाणी पानं’ म्हणून बाजूला टाकू नका, हॉबिट खऱ्या अर्थाने तिथेच राहतात. आणि दर फेरीत एक तरी प्रश्न असा ठेवा ज्याचं उत्तर एका आकड्यात देता येणार नाही.

भाचीने या वर्षीसाठी अकरा प्रश्न वहीत लिहून काढले आहेत. सगळे पाठवत नाही, एक पाठवते. तिच्याच शब्दांत: “लोबेलियाच्या छत्रीत १४०१ साली काय सापडलं, आणि १४१९ साली तीच छत्री तिने कोणावर उगारली?” हा प्रश्न घ्या. आम्ही दोघी मागच्या रांगेत असू, पुस्तक बरोबर घेऊन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
हॉबिटांची एक वाचक, भूमि अभिलेख खात्यातून निवृत्त